एजंट व्हायचंय? आधी हे बघा

महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकून द्यायची तर एजंटचीही नोंदणी लागते. त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. २०२३ पासून हे सक्तीचं आहे. नोंदणी ५ वर्षं चालते. ती नसताना धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

एकट्या आईला परीक्षेपेक्षा जड जातं ते ठरलेला पगार नसणं. विक्रीची दलाली हातात पडेपर्यंत कर्जमंजुरी, दस्तनोंदणी यांत महिने जातात. भाड्याची घरं पटापट लागतात, ११ महिन्यांचा करार संपला की घरमालक पुन्हा फोन करतो. सुरुवात तिथून केलेली बरी. गिऱ्हाइकं मात्र घरं बघायला रविवारीच निघतात, आणि पाळणाघर नेमकं तेव्हाच बंद! ही सोय आधी लावा.

फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच भेटीत सांगावं.