पारा ४५ वर गेला, पुढे काय?

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, हे नंतर नोंदी तपासल्यावर कळले. उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर पुष्कळदा हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होणे एवढेच लिहिले जाते. त्यामुळे ऊन नामानिराळे राहते.

या अनुभवानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेला सोबत घेऊन उष्णता कृती आराखडा केला. हवामान खात्याचा अंदाज आला की एक ठरलेला अधिकारी रुग्णालये, १०८ रुग्णवाहिका आणि प्रभाग कार्यालयांना कळवतो. ४५ अंशांचा अंदाज म्हणजे लाल इशारा. मग रुग्णालयांत बर्फाच्या पिशव्या तयार हव्यात, पाणपोया सुरू हव्यात, बागा दुपारीही उघड्या हव्यात. वस्त्यांत निरोप पोचवतात त्या घरोघरी ओळख असलेल्या आरोग्यसेविका. मोबाइलवरच्या संदेशापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन असते. एका रुग्णालयाने तर नवजात बाळांचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणला. असल्या साध्या गोष्टी सुचायलाही आधी मृत्यू मोजावे लागतात!

हा आराखडा पाहून नागपूरनेही आपला तयार केला. विदर्भाला त्याची गरज कुणी समजावून सांगायला नको.

उष्माघातात वेळ फार थोडा असतो. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की १०८ ला फोन करून लगेच त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. हे मुकादमाला माहीत असेल तर मजूर रुग्णालयात जिवंत पोचण्याची शक्यता वाढते.

पण ‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ हा सल्ला रोजंदारीवरच्या बाईने पाळायचा कसा? तिच्यापर्यंत इशारा पोचतो, तिला तो कळतोही. कामाची वेळ बदलणे मात्र तिच्या हातात नाही. ते ठेकेदाराच्या हातात आहे. त्याला इशारा कळवून कामाची वेळ सकाळ-संध्याकाळ करायला लावणे हे प्रशासनाचे काम, आणि बहुतेक ठिकाणी आराखडा इथेच अडतो.