दहा मीटरची जागा

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसवरून पुढे जाणारा रस्ता कसबा बावड्यात पोचतो. ऊसमळे, राजाराम सहकारी साखर कारखाना, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, अशी बावड्याची ओळख कुणीही सांगेल. त्याहून जुनी ओळख लक्ष्मी विलास पॅलेसची. २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहूंचा जन्म याच वास्तूत झाला. पुढे याच राजाने कोल्हापूरला खासबागेचे कुस्ती मैदान दिले. १९१२ साली ते पूर्ण झाले आणि आजही हजारो माणसे तिथे मातीवर बसून कुस्ती पाहतात.

मैदान सगळ्यांना दिसते. शाहूंनी मैदानाइतकेच लक्ष तालमींकडे दिले, हे मात्र बऱ्याचदा विसरले जाते. मल्लाला राहायला जागा, खुराक, पहाटे उठवून मेहनत करून घेणारा वस्ताद आणि रोज अंगाला अंग लावणारा जोड या चार गोष्टींची सोय झाली, म्हणून खासबागेत लढायला माणसे तयार झाली. शालेय खेळांबद्दल बोलताना हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. आधी रोजच्या सरावाची सोय, मग स्पर्धा.

आता बावड्यातल्या एखाद्या शाळेत सातवीतल्या मुलीने क्रीडाशिक्षकांना सांगितले की, सर, मला गोल्फ शिकायचा आहे, तर काय होईल? पहिला प्रश्न मैदानाचा येईल, दुसरा पैशांचा. अठरा होलच्या गोल्फ कोर्सला शंभर एकरांहून अधिक जमीन लागते. उसाच्या या पट्ट्यात ती शाळेसाठी कोण देणार? म्हणून विषय तिथेच मिटतो. कोल्हापूरने मात्र अशाच एका महागड्या, एकट्याने खेळायच्या आणि शेतकरी-नोकरदार घरांना परक्या वाटणाऱ्या खेळाचा प्रश्न एकदा सोडवून दाखवला आहे. तो खेळ नेमबाजीचा.

तेजस्विनी सावंत हे त्यातले पहिले मोठे नाव. कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली तिने सुरुवात केली. स्वतःची चांगली रायफल हाती येण्याआधी दुसऱ्यांच्या रायफलवर सराव करण्याचे दिवसही तिने काढले. २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके मिळवली. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण नोंदवून ती जगज्जेती झाली. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला.

मेलबर्नच्या पदकांचा खरा परिणाम कोल्हापुरातच दिसला. राही सरनोबत उषाराजे हायस्कूलची विद्यार्थिनी. तेजस्विनीही त्याच शाळेतली. एनसीसीमुळे राहीच्या हाती शाळेतच बंदूक आली होती आणि आपल्याच शाळेतली ताई सुवर्णपदक घेऊन येते हे तिने पाहिले. २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात राहीने सुवर्ण जिंकले. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये ती जिंकली. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज तीच. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्यूनस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या शाहू मानेने दहा मीटर एअर रायफलचे रौप्यपदक मिळवले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

आणि मग १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह तिसरा आला. पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीतही गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून नेम धरताना तो मागेच होता. पुढे सरकला तो उभ्या स्थितीत, म्हणजे जिथे रायफलला शरीराचाच काय तो आधार असतो तिथे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवायला ७२ वर्षे जावी लागली.

स्वप्निलच्या प्रवासातली एक गोष्ट शाळांनी नीट पाहावी. २००९ साली तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा त्याच्या हाती लगेच रायफल दिली गेली नाही. पहिले वर्ष शारीरिक तयारीत गेले. त्यानंतर खेळ निवडायला सांगितले गेले आणि त्याने नेमबाजी निवडली. दहा वर्षांच्या मुलाला एकाच खेळाला जुंपण्याची घाई आज पालकांमध्ये फार दिसते. तिच्यापुढे ठेवण्यासारखे हे उदाहरण आहे.

नेमबाजी कोल्हापुरात रुजली त्याला जागेचा हिशेबही कारणीभूत आहे. एअर रायफलला दहा मीटर अंतर पुरते. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, पण ते लक्ष्य टांगायला एक लांबट खोली चालते. शिवाय सरावाचा मोठा भाग गोळी न झाडताच होतो. रायफल उचलायची, श्वास सोडायचा, नेम स्थिर करायचा, ट्रिगर दाबायचा, परत खाली ठेवायची. या ड्राय फायरिंगला घराची भिंत पुरते. पैसा गोळ्यांवर जातो आणि घडण या फुकटच्या सरावात होते.

गोल्फचाही असा हिशेब मांडता येतो, आणि तो कुणी फारसा मांडत नाही.

पूर्ण कोर्सचे पार साधारण ७२ असते, म्हणजे चांगल्या खेळाडूने अठरा होल ७२ फटक्यांत संपवावेत. हा आकडा ठरवताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. पट म्हणजे हिरवळीवरून चेंडू जमिनीलगत ढकलून खळग्यात घालण्याचा फटका. अठरा दुणे छत्तीस. खेळाचा निम्मा हिशेब अशा रीतीने काही मीटर गुळगुळीत जागेत आणि १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यापाशी लागतो. शंभर एकर लागतात ते उरलेल्या निम्म्यासाठी. लहान मुलाला पहिली दोन वर्षे शिकवायला शाळेचा व्हरांडा, एक जाड सतरंजी आणि उंचीला जुळणारा आखूड पटर, म्हणजे पट मारण्याची काठी, एवढे सामान पुरेसे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बावड्यातली मैदाने चिखलाने भरतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की गावाचे लक्ष नदीवरच असते. त्या दिवसांतही व्हरांड्यातला सराव चालू राहू शकतो.

भारतात गोल्फपर्यंत मुले आजवर मुख्यतः दोन दारांनी पोचली. एक दार छावणीचे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरांचा मुलगा, वडिलांच्याच हाताखाली शिकला. दीक्षा डागरही लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. कानांनी कमी ऐकू येणारी ही डावखुरी खेळाडू डेफलिंपिकमध्ये आधी रौप्य आणि मग सुवर्ण मिळवून गेली. दुसरे दार कॅडींचे. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकलेला दिल्लीचा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. अदिती अशोकची वाट निराळी. बंगळुरूत कोर्सशेजारी न्याहारीला जाताना तिला खेळ दिसला आणि पाचव्या वर्षी तिने पटर हातात घेतला. रिओ ऑलिंपिकमध्ये वडील तिचे कॅडी होते, टोकियोत आई. टोकियोत तिचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली. या सगळ्या कहाण्यांत आईवडील आहेत, क्लब आहे, छावणी आहे. शाळा कुठेच पुढे दिसत नाही. नेमबाजीत एनसीसीच्या रूपाने शाळेचे दार उघडे होते, म्हणून राहीसारखी मुलगी आत आली. गोल्फला ते दार अजून मिळायचे आहे.

दार उघडले तरी सराव कसा करून घ्यायचा हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॅन मॅकलॉफ्लिन या छायाचित्रकाराने २०१० साली नोकरी सोडली आणि दहा हजार तास सराव करून व्यावसायिक गोल्फपटू व्हायचे ठरवले. तोवर तो गोल्फ जवळपास खेळलाच नव्हता. पहिले काही महिने त्याने फक्त पटिंग केले, तेही खळग्यापासून काही फुटांवरून. हळूहळू मागे सरकत तो लांबच्या फटक्यांपर्यंत गेला. त्याचा हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, २.६ पर्यंत उतरला; हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला. हौशी खेळाडूंत ही फार वरची पातळी आहे. पुढे पाठीच्या दुखण्याने त्याला थांबावे लागले. व्यावसायिक होणे राहून गेले, पण प्रौढ वयात शून्यातून माणूस कुठवर जाऊ शकतो हे त्याने दाखवले. सरावाचा आयुष्यभर अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन नेहमी बजावत की तासांच्या संख्येला महत्त्व नाही. तासात काय सुधारायचे ते ठरलेले असावे, आणि सुधारले की नाही हे सांगणारे कुणी शेजारी असावे. तालमीतला वस्ताद याहून वेगळे काय करतो?

या बाबतीत संशोधकांचे काही निष्कर्ष क्रीडाशिक्षकांना थेट उपयोगी पडतील. १९८६ साली गुड आणि मॅगिल यांनी विद्यार्थिनींना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. काही जणी एकच सर्व्हिस पुनःपुन्हा करत होत्या, काही जणी तिन्ही उलटसुलट क्रमाने. नंतर परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट सराव केलेल्या मुली सरस ठरल्या. म्हणजे एकाच जागेवरून पन्नास पट मारण्यापेक्षा दर वेळी अंतर बदललेले बरे. १९९९ साली गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचा छोटा उंच फटका शिकवला. ज्यांना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, त्यांच्यापेक्षा क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, झोक्याकडे लक्ष देणारे अधिक अचूक खेळले. ‘कोपर सरळ, मनगट घट्ट, मान खाली’ असा सूचनांचा मारा आपल्या मैदानांवर सर्रास चालतो. मूल त्यात गोंधळते. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती शरीराबद्दल न देता क्लबबद्दल किंवा चेंडूच्या वाटेबद्दल द्यावी.

प्रोत्साहन म्हटले की शाळेत प्रशस्तिपत्र आणि ढाल समोर येते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले, ती मुले पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे बरीच कमी वळली. दहावी-बारावीतले खेळाचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण या चांगल्या योजना आहेत. घरच्यांना राजी करायला त्यांचा मोठा उपयोग होतो. पण गुणांसाठी आलेले मूल गुण मिळाले की मैदान सोडते. रोज येणाऱ्या मुलाला कालच्यापेक्षा आज काय जमले हे दिसावे लागते. गोल्फमधली हँडिकॅपची पद्धत त्यासाठी उत्तम आहे. प्रत्येकाची पातळी आकड्यात नोंदली जाते, त्यानुसार सवलत मिळते आणि नवखी मुलगी मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीने लढू शकते. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत लागू झाली आहे. वर्गात सगळ्यात मागे असलेल्यालाही आपला आकडा खाली आणायचा असतो, ही त्यातली मोठी सोय.

पैशांची अडचण खोटी नाही. १९५२ साली खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. कोणत्याही शिक्षकावर पुन्हा अशी वेळ येऊ नये, अशी व्यवस्था त्यानंतर उभी राहायला हवी होती. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी शालेय स्पर्धांची उतरंड महाराष्ट्रात भक्कम आहे. दुबळा आहे तो तिच्या तळाशी असलेला रोजचा सराव. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो आणि जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी संघ निवडला जातो. हे बदलल्याशिवाय नवा खेळ सुरू करण्यात अर्थ नाही.

सुरुवात कशी करावी हे कोल्हापूरच्या नेमबाजीने दाखवले आहे. साहित्य शाळेचे असावे आणि ते आळीपाळीने वापरले जावे. बावड्यातल्या दोन-तीन शाळांनी मिळून दहा-बारा आखूड पटर घेतले तर एका वर्गाला पुरतील. प्रत्येक मुलाची वही असावी, तिच्यात किती अंतरावरून किती पट पडले याची रोज नोंद व्हावी. क्रीडाशिक्षकाला पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या क्लबात पंधरवडाभर शिकायला पाठवावे. वर्षाअखेर ज्यांचे आकडे खाली आले त्यांना सुट्टीत खऱ्या कोर्सवर न्यावे, म्हणजे उरलेला निम्मा खेळ काय असतो ते त्यांना उमगेल. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये गोल्फची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे, एक मुलगा आणि एक मुलगी मिळून खेळतील. आज सातवीत असलेल्यांसाठी ती फार लवकर आहे. त्यांनी या वर्षी पटर हातात घेतला, तर २०३२च्या ब्रिस्बेनपर्यंत त्यांच्यापाशी काही वर्षांचा सराव जमा झालेला असेल.