पिचर आणि पॅन्टोग्राफ

‘ग्लासात टाकू नका हं कोणी. आणि चाटूनही बघू नका. मागच्या वेळी एकांनी बघितलं होतं.’

माइकवरून एवढं सांगून ती खोका उघडते. चपलांचा खोका आहे. आत कापूस, कापसात दगड. पहिला दगड पुढच्या टेबलाकडे जातो आणि हातोहात मागे सरकायला लागतो. मसाला शेंगदाण्यांची बशी बाजूला होते, कुणी टिश्यूने बोटं पुसतं, मोबाइलचे टॉर्च लागतात. दगड करडा, खडबडीत, कुठल्याही रस्त्याच्या कडेला पडलेला असावा असा. पण त्याच्या खळग्यात झगझगीत निळे झुबके बसलेले आहेत. जवळ नेलं की कळतं, एकेक झुबका म्हणजे बारीक सुयांची गर्दी आहे.

‘कॅव्हनसाइट,’ ती म्हणते. ‘कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट. निळेपणा व्हॅनेडियमचा. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगनमध्ये. १९७३ साली नवीन खनिज म्हणून त्याची रीतसर नोंद झाली. पण जगातल्या मोठमोठ्या संग्रहांत याचे सगळ्यांत देखणे नमुने कुठले असतात, सांगा बघू.’

‘ब्राझील?’ ‘राजस्थान?’ एक जण उगाचच ‘चीन’ म्हणतो.

‘वाघोली.’

हशा होतो, कारण आम्ही बसलो आहोत खराडीत. खालून नगर रस्त्याला लागून पुढे गेलं की वाघोलीच येते. इथल्या निम्म्या लोकांचे फ्लॅट तिकडेच असणार.

चौथ्या मजल्यावरची ही जागा एरवी क्रिकेटची. ज्या पडद्यावर सामने दिसतात तिथे आज दगडाचा फोटो आहे. काचेपलीकडे बिअरच्या स्टीलच्या टाक्या. अशा गप्पांना बार मिळतो तो आठवड्याच्या मधल्या, मोकळ्या वारी. आज मात्र गणित चुकलंय. उद्या दोन ऑक्टोबर, ड्राय डे, त्यामुळे गप्पा नसत्या तरी टेबलं भरलीच असती. मॅनेजरच्या चेहऱ्यावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दारातला मुलगा वय बघून मनगटाला पट्टी बांधतोय. महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात, म्हणून इंजिनीअरिंगची दोन पोरं लिंबू सोडा घेऊन सगळ्यांत पुढे बसली आहेत. नोटबुक फक्त त्यांच्याकडे आहे.

सूत्रसंचालक मुलाने सुरुवातीलाच नियम सांगितलेत. प्रत्येकाला बारा मिनिटं. विषय पोटापाण्याचा नको. काही विकायचं नाही. आणि ‘माझा प्रवास’ हे शब्द उच्चारले तर सगळ्यांना पापड वक्त्याच्या खर्चाने.

दगडवाली बाई चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. तिच्या बोलण्यात तो हिशेबीपणा दिसतो. प्रत्येक दगडाला चिठ्ठी, चिठ्ठीवर खाण आणि तारीख. ती सांगते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले. बुडबुडा गेला, पोकळी राहिली. मग लाखो वर्षं खडकातून गरम पाणी झिरपलं आणि वाटेत खडकातलीच द्रव्यं विरघळवून त्यानं या पोकळ्यांत आणून ठेवली.

‘म्हणजे हा गोठला तर?’ एक जण आपला ग्लास वर धरतो.

‘तर बेसॉल्ट. फेस जरा कमी करावा लागेल.’

आता पांढरे दगड फिरायला लागलेत. मोरपिशी छटेचा हिरवा एक येतो, चौकोनी, घडवल्यासारखा, तो अपोफिलाइट. मग ओकेनाइट, बारीक पांढऱ्या केसांचे गोंडे. लिंबू सोडावाल्या पोरांपैकी एक जण बोट पुढे करतो आणि ती माइक सोडून जवळजवळ ओरडते, ‘त्याला नको! एकदा दबलं की कायमचं दबतं.’ आत्तापर्यंतच्या तिच्या सगळ्या वाक्यांत हे एकच तयारी न केलेलं.

‘आम्ही स्वतःला झिओलाइटवाले म्हणवतो,’ ती पुन्हा माइकशी येते, ‘पण कॅव्हनसाइट काही झिओलाइट नाही. तो ज्याच्यावर बसलाय तो स्टिल्बाइट, तो झिओलाइट. अपोफिलाइटही नाही. ओकेनाइटही नाही.’

‘मग आणलंय काय तुम्ही?’ मागून आवाज येतो, आणि ती स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसते.

पुढचं ती जरा सावकाश बोलते. हे दगड आपोआप दिसत नाहीत. शहराला खडी लागते, खडीसाठी सुरुंग लागतो आणि सुरुंग फुटला की हजारात एखादी पोकळी अशी निघते की कामगार हातोडा थांबवतो. त्यानं थांबवला तर दगड सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पोचू शकतो किंवा थेट परदेशी. नाही थांबवला तर क्रशर. ‘माझ्या छंदाला हे शहर वाढावंच लागतं,’ ती म्हणते. ‘आणि ते वाढलं की खाणीवर सोसायटी येते आणि दगड संपतात. या इमारतीच्या काँक्रीटमध्ये एकही निळा तुकडा नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.’ दोन-तीन जण खरोखरच शेजारच्या खांबाकडे बघतात.

प्रश्नांना पहिला हात वर होतो तो गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र असलेल्या गृहस्थांचा. ‘मॅडम, याचा उपयोग काय?’

ती उत्तर देते. झिओलाइटच्या रचनेत रेणूंच्या मापाची छिद्रं असतात, जड पाण्यातलं कॅल्शियम त्यात धरलं जातं, म्हणून कारखान्यात बनवलेला झिओलाइट धुण्याच्या पावडरीत घालतात, तेलशुद्धीकरणातही वापरतात. गृहस्थ समाधानाने मान डोलावतात. मग निळ्या दगडाकडे बोट करतात. ‘आणि याचा?’

‘हा बघायचा.’

पहिलं उत्तर पाठ आहे, हे ऐकतानाच कळत होतं. घरी, सासरी, सोसायटीत कितीदा दिलेलं असेल. दुसऱ्याला तिला विचार करावा लागला नाही.

मधली सुट्टी. सूत्रसंचालक टेबलाटेबलांतून फिरत या प्रकाराचा उगम सांगतोय. २००३ साल, बोस्टन, मिडवे कॅफे नावाचा बार. तिथे नेहमी येणारा क्रिस्टोफर बालकृष्णन हा उत्क्रांतीशास्त्राचा विद्यार्थी आफ्रिकेतल्या इंडिगोबर्ड पक्ष्यांवर काम करत होता. हे पक्षी आपल्या कोकिळेसारखेच अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकून मोकळे होतात. गडी तिकडून आला की बारमध्ये त्याच गोष्टी. शेवटी तिथल्यांनीच सुचवलं, एकदा काय ते फोटो लावून सगळ्यांना सांगून टाक. त्यातून ‘नर्ड नाइट’ उभं राहिलं आणि गावोगावी गेलं. ‘म्हणजे कंटाळून सुरू झालं?’ ओळखपत्रवाले विचारतात. ‘असंच काहीतरी,’ सूत्रसंचालक म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. इंग्लंडात त्याआधीच, १९९८ साली, लीड्सच्या डंकन डॅलस यांनी कॅफेत वैज्ञानिकांना बोलावून गप्पा सुरू केल्या होत्या. २०१३ पासून तिथे मे महिन्यात ‘पाइंट ऑफ सायन्स’ भरतं, पबमध्येच.

पुण्याला व्याख्यानाचं अप्रूप असायचं कारण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण तिथली मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली: अध्यक्ष, प्रास्ताविक, परिचय, पुष्पगुच्छ, आणि आभाराला उठलेल्या माणसाचं दुसरं व्याख्यान. तिथे वक्त्याला विषयाचा अधिकार असतो आणि तो अधिकार परिचयात वाचून दाखवलेला असतो. इथे अकाउंट्सची बाई दगडांवर बोलते. अधिकाराची चिठ्ठी नाही, म्हणून तिसऱ्या वाक्यापर्यंत माणसं धरावी लागतात. नाही धरली तर ती सरळ उठून बारकडे जातात. दारूचा वाटा यात लोक समजतात तेवढा नसावा. निम्म्या टेबलांवर सोडा आणि ताक आहे. पण हातात ग्लास असला की हाताची घडी घालून बसता येत नाही, हे मी मघापासून बघतोय.

दुसरा वक्ता कोंबुचावर बोलतो. चहा, साखर, वर तरंगणारा बॅक्टेरिया आणि यीस्टचा जाडसर थर. सुरुवात बरी आहे. त्या थराचा फोटो बघून बायका-पुरुष सारखेच तोंड वाकडं करतात, ही तर चांगल्या व्याख्यानाची खूण. पाचव्या मिनिटाला पडद्यावर बाटली येते. सहाव्याला तीन चवी. सातव्याला स्कॅन करायचा चौकोन आणि ‘आजच्या मित्रमंडळींसाठी खास सवलत’. कुणी हुर्यो करत नाही. पुणेरी शिक्षा वेगळी असते. सगळे एकदम आपापल्या ताटलीतले कॉर्न मोजायला लागतात. सूत्रसंचालक घड्याळ दाखवतो, टाळ्या फार सभ्य पडतात.

मॅनेजर येऊन कानाशी काही बोलतो. ‘मंडळी, दहाला टेबलं सोडायची आहेत,’ सूत्रसंचालक जाहीर करतो. ‘डॉक्टर, या.’

डॉक्टर दातांचे आहेत. वेड लोकलचं. पडद्यावर लोकलच्या टपावरचा पॅन्टोग्राफ येतो आणि ते विचारतात, ‘मुंबईचे कोण कोण?’ दहा-बारा हात. ‘धावत्या गाडीत एकदम पंखे, दिवे बंद, क्षणभर सगळं गप्प, मग पुन्हा चालू. आठवतंय? का होतं ते?’

‘वायर जुन्या,’ एक बाई ठामपणे सांगतात.

‘मलाही तेच वाटायचं,’ डॉक्टर म्हणतात आणि टेबलावरच्या दोन स्ट्रॉ उचलतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सलग नसतो. वेगवेगळी उपकेंद्रं आपापल्या तुकड्याला वीज देतात आणि शेजारच्या दोन तुकड्यांची फेज वेगळी असते. पॅन्टोग्राफने त्या दोन्ही एकदम जोडल्या तर मोठा स्फोटच. म्हणून मध्ये तारेचा छोटा मृत तुकडा ठेवतात, न्यूट्रल सेक्शन. मोटरमन त्याआधी ब्रेकर उघडतो, गाडी नुसत्या वेगावर तो तुकडा पार करते, पलीकडे ब्रेकर पुन्हा लावतो. ते दोन स्ट्रॉंमध्ये फट ठेवून त्यावरून शेंगदाणा सरकवतात. शेंगदाणा फटीत पडतो. ‘आणि हे होता कामा नये. तिथे गाडी थांबली, तर तारेत वीजच नाही. उठणार कशी?’

आता खोली त्यांची आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे १९५७मध्ये रेल्वेने फ्रेंच तज्ज्ञांच्या सल्ल्याने २५,००० व्होल्ट एसीची कास धरली; मुंबई मात्र दीर्घकाळ डीसीवरच राहिली, कारण रोज लाखो माणसं वाहणाऱ्या मार्गावर तारांमधली वीज बदलायला गाड्या थांबवायच्या कधी? ‘आणि शेवटची डीसी लोकल २०१६च्या एप्रिलमध्ये धावली, तीसुद्धा हार्बरवरच!’ हे सांगताना डॉक्टरांचा आवाज असा चढतो, की जणू जुळवून त्यांनीच आणलंय. मुंबईची टेबलं टाळ्या वाजवतात.

‘डॉक्टर,’ खिडकीशी बसलेले एक काका हात वर करतात. ते श्रोत्यांतले नाहीत. मुलगा-सुनेबरोबर जेवायला आलेत, समोर अर्धवट पिझ्झा आहे. ‘बोर्ड राहिले तुमचे.’

‘कुठले, काका?’

‘न्यूट्रल सेक्शनच्या आधी पाचशे मीटरवर एक, अडीचशेवर दुसरा. मग डीजे उघडायचा बोर्ड, आणि पलीकडे डीजे लावायचा. ड्रायव्हरला स्वप्नात नाही पडत ते, सेक्शन आला म्हणून. आम्ही लावायचो ते बोर्ड.’

गणपती गेल्याच आठवड्यात गेलेत. ‘डीजे’ म्हटल्यावर व्हायचा तो गदारोळ होतो. मागून कुणी ओरडतं, ‘काका, तो बोर्ड आमच्या चौकात पण लावा!’ काका हसत नाहीत. त्यांच्या लेखी डीजे म्हणजे सर्किट ब्रेकर, बाकीचं गाव काय म्हणतं ते गावाने बघावं. सून त्यांच्या दंडाला हात लावून खाली बसायची खूण करतेय. डॉक्टर मात्र माइक घेऊन खिडकीकडे निघालेत. पुढची पाच मिनिटं व्याख्यान काकांचं आणि प्रश्न डॉक्टरांचे: पावसात इन्सुलेटरचं काय होतं, तारेला ताण द्यायला खांबावर वजनं का टांगतात, घाटात काय करतात. लिंबू सोडावाली पोरं नोटबुक घेऊन खिडकीपाशी पोचली आहेत. बारा मिनिटांचा नियम कुणालाच आठवत नाही.

दहा वाजून गेलेत. पडदा गुंडाळला जातोय. दगडवाली बाई दगड मोजून खोक्यात ठेवतेय, एक कमी भरतोय, तो कोंबुचावाल्याच्या हातात सापडतो. तो अजून टॉर्च लावून निळं बघतोय. ‘वाघोलीत नेमकं कुठे?’ तो विचारतो. ती मोकळेपणी सांगायला लागते.

सूत्रसंचालक काकांपाशी खुर्ची ओढून बसतो. ‘पुढच्या महिन्यात तुमचं नाव लिहितो. रेल्वेच्या तारा.’

‘छे. तो पोटापाण्याचा विषय. तुमचा नियम ऐकला मी.’ काका पिझ्झ्याची ताटली बाजूला सारतात. ‘कुलपांवर बोलेन. जुनी कुलपं आहेत घरी. एक असं आहे, की किल्लीला आटे असतात, ती भोकात घालून फिरवत फिरवत आत न्यायची.’

‘बाबा, नको ना,’ मुलगा पुटपुटतो.

‘स्क्रूसारखी?’ डॉक्टर विचारतात. आपली खुर्ची त्यांनी केव्हाच इकडे आणलीय.

‘आणा टिश्यू. काढून दाखवतो.’

‘सर, लास्ट ऑर्डर,’ मॅनेजर म्हणतो. ‘उद्या बंद आहे.’

‘एक पिचर लिहा,’ काका मान वर न करता सांगतात, ‘आणि पेन असेल तर जरा राहू द्या इथेच.’