नारायणगावकर, विठाबाई
(१९३५–१५ जानेवारी २००२). ढोलकीच्या तमाशातील श्रेष्ठ गायिका, नर्तिका व अभिनेत्री. संपूर्ण नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूर येथे. घराणे पुणे जिल्ह्यातील नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. वडील भाऊ व चुलते बापू यांच्या जोडनावाने तो ख्यातकीर्त झाला. अशा फडातील मुलांना वेगळी शाळा नसे. गण, गौळण, लावणी व वग ही कानांवर पडतच त्यांचे शिक्षण होई. विठाबाईही बालपणीच बोर्डावर आल्या. खडा आवाज, ढोलकीच्या बोलाला नेमके उत्तर देणारे पाऊल आणि वगातील धिटाईचे संवाद ही त्यांची बलस्थाने होत. १९६२ च्या चीन युद्धकाळात त्यांनी जवानांसमोर कार्यक्रम केले.

भर कार्यक्रमात प्रसववेदना सुरू झाल्याने त्या पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या. खरा प्रकार कळताच प्रेक्षकांनीच खेळ थांबविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती सामान्यतः धैर्यकथा म्हणून सांगितली जाते. परंतु सुपारी घेतलेल्या फडाला खेळ मोडणे परवडत नसे, ही तिची दुसरी बाजू होय. १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव होऊनही त्यांची अखेर विपन्नावस्थेत झाली. रुग्णालयाचे देयक देणगीदारांच्या साहाय्याने भागवावे लागले. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड चालविला. महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये तमाशा कलावंतांसाठी विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.