बंब माळ्यावर गेला, आतां काय घ्यावें?

तांब्याचा बंब ज्यांच्या घरीं होता त्यांस त्याची युक्ति ठाऊक असेलच. निखारा पोटांत आणि पाणी सभोंवार. उष्णतेला बाहेर पडावयाचें तर पाण्याला भेटूनच जावें लागे. मरोळच्या आमच्या ५ व्या मजल्यावर धुराला वाट नाहीं. म्हणून बंब माळ्यावर गेला, आणि ७ माणसांच्या स्नानासाठीं कोणतें यंत्र घ्यावें यावर घरांत दिवाळीपासून खल चालला.

प्रथम हिशेब. १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयास सुमारें ०.३१ युनिट वीज लागते. यंत्र स्वस्त असो कीं महाग, हा आंकडा फारसा हलत नाहीं. कारण विजेची जवळजवळ सारी उष्णता पाण्यांतच उतरते. मग बचत कोठें? तापवून ठेवलेलें पाणी उगाच निवतें, तेथें. सांठवणीच्या गीझरवर जे तारे छापलेले असतात ते हाच व्यय दाखवितात. ज्या घरीं कोणी पहाटे ५ वाजतां, तर कोणी ९ वाजतां न्हातें, तेथें ५ तारे खरोखर उपयोगी. मंडळी एकामागून एक उरकून बटण लागलींच बंद करतील तर फरक थोडा. (आमचे धाकटे बंधु मात्र तारे मोजल्याशिवाय दुकानांतून हालत नाहींत.)

तात्काळ तापविणारें लहान यंत्र कांहींच सांठवीत नाहीं; पण ३ किलोवॅटच्या यंत्रांतूनहि बादली भरावयास ६ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. उष्मापंप हवेंतील उष्णता ओढून एका युनिटांत सुमारें तीन युनिटांचें काम करतो, व मुंबईची हवा त्यास मानवते. पण त्याला जागा हवी. सौरबंबाला गच्ची हवी, आणि ती सर्वांची.

राहिला गॅसचा गीझर. त्याच्याकडे बहुमत झुकलें होतें. परंतु कोंदट न्हाणीघरांत त्याची ज्योत प्राणवायु खाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. असे मृत्यु घडलेले आहेत. यंत्र बाहेरच्या मोकळ्या हवेंत बसविलें तर गोष्ट निराळी. आमच्या न्हाणीघराला तशी भिंतच नाहीं, आणि मातुश्री आंतून कडी लावून अर्धा तास स्तोत्रें म्हणत न्हातात. काटकसरीचा वाद तेथेंच संपला.

२५ लिटरचा विजेचा गीझर आणला. ६० अंशांवर तापलेल्या त्या पाण्यांत थंड मिसळून साडेतीन बादल्या होतात. पहिलीं तीन स्नानें होतांच अर्धा तास थांबावें लागतें. मातुश्रींचा क्रम पहिला. दुसरा कोणाचा, हें अद्याप ठरावयाचें आहे.