ढग येण्याआधीचा वॉश

जुलैत खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर जलरंगात चित्र काढायचं, तर पहिलं भांडण कागदाशी. पुण्यात उन्हाळ्यात घातलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, बघता बघता सुकतो. इथे तो ओलाच राहतो. माझ्या ओळखीचे एक चित्रकार जाड कागद फळीला टेपने चिकटवून छत्रीखाली बसतात आणि समोर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले उघडे पडायची वाट बघतात. दिसले की पेन्सिलीच्या चार रेघा, बस्स.

मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा वॉश, वरपासून खालपर्यंत. फळी तिरकी, म्हणजे रंग आपसूक उतरतो. खरी कसोटी पुढे. मान वाकवून ते कागदाची चमक पाहत राहतात. चमक असताना डोंगर घातला तर तो पसरून नाहीसा होतो. पार गेल्यावर घातला तर कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते. मधला जेमतेम मिनिटभर त्यांचा.

अमेरिकेतल्या हडसन रिव्हर स्कूल या निसर्गचित्रकारांच्या गटाची रीत नेमकी उलटी. त्यांच्यातला टॉमस कोल १८२५ साली हडसनकाठी, कॅट्सकिलच्या डोंगरांत हिंडला; रेखाटनं तिथली, तैलचित्रं मात्र स्टुडिओतली. १८३६ चं त्याचं ‘द ऑक्सबो’ जवळपास दोन मीटर रुंद आहे. एवढा कॅनव्हास रानात कोण वागवणार! पाहिल्यावर थोडा काळ जाऊ द्यावा, किरकोळ तपशिलांवर पडदा पडला की रंगवावं, असं त्याचं मत होतं. इथे बोरघाटात तो पडदा ढगच टाकतो, तेही चित्र अर्ध्यावर असताना.

पण ढग निवड करत नाही; काय ठेवायचं, काय गाळायचं हे चित्रकारच ठरवतो. कोलनंतरच्या जॉर्ज इनेसने रेल्वे कंपनीसाठी लॅकवाना खोरं रंगवलं, तेव्हा आगगाडीबरोबर तोडलेल्या झाडांचे बुंधेही समोर ठेवले. या घाटातून १८६३ पासून गाड्या चढताहेत, आता एक्सप्रेसवेही आहे. आमचे चित्रकार दोन्ही गाळतात. मला ते पटत नाही, आणि दरवेळी मी तसं म्हणतो. ते ऐकून घेतात आणि ब्लेडने कागद खरवडून एक धबधबा काढतात.

परतताना चित्र डिकीत आडवंच ठेवायचं. उभं केलं तर लोणावळा येईपर्यंत श्रीवर्धन दरीत ओघळलेला असतो.