रेवडीवरची कुस्ती

माझं वय ४३. सॅन होजेत येऊन १४ वर्षं झाली. दिवसभर काँप्युटरसमोर बसायचं काम. गेल्या वर्षभरापासून मात्र आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी रीतसर फी भरून लोकांकडून आपटून घेते. आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “पडायला पैसं देतीस व्हय गं?”

सुरुवात लेकीमुळे झाली. तिला ज्युदोच्या क्लासला सोडायचं आणि तासभर गाडीत बसून फोन बघायचा, असा माझा क्रम होता. एके दिवशी तिच्या सरांनी, म्हणजे सेन्सेईंनी सांगितलं, की शेजारच्या मॅटवर त्याच वेळी मोठ्यांचाही वर्ग असतो. गंमत म्हणून गेले आणि अडकले.

पहिले दीड-दोन महिने फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल ठेवायची आणि जमिनीला लागता लागता हात फटकन चटईवर आपटायचा. याला ‘उकेमी’ म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात ज्युदो सुरू केला. तेव्हापासून आजपर्यंत नवशिक्याचा पहिला धडा पडण्याचाच आहे.

मला हे सगळं परकं वाटलं नाही, कारण आमचं गाव कराडजवळचं. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून लांब नाही. आबा तरुणपणी तालमीत घुमायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्यासाठी दुधाची किटली घेऊन जायची, पण ती दाराबाहेर ठेवायची. आत मारुती, आत तांबडी माती. पोरींनी आत यायचं नाही. दाराच्या फटीतून जेवढी कुस्ती दिसेल तेवढी बघायची आणि रिकामी किटली घेऊन घरी यायचं. कुणी रागावून सांगितलं नव्हतं. तसंच असतं, एवढंच माहीत होतं.

आता मी राहते ते सॅन होजे म्हणजे अमेरिकेतल्या ज्युदोची पंढरीच. इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत योश उचिदा यांनी अनेक दशकं ज्युदो शिकवला. १९५३ सालची पहिली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली आणि १९६४ साली ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक उचिदाच होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत पाठवण्याआधी त्यांची नोंदणी या विद्यापीठाच्या जिमखान्यात झाली होती. आज त्याच इमारतीला उचिदांचं नाव आहे. २०२४ मध्ये, वयाच्या १०४व्या वर्षी ते गेले.

वर्षभरानंतर सेन्सेई म्हणाले, “नवशिक्यांच्या गटात नाव दे.” मी म्हटलं, “या वयात?” ते म्हणाले, “वयाचं कारण पुढच्या वर्षी जास्त मोठं होईल.” यावर काय बोलणार? ऑनलाइन फॉर्म भरला, संघटनेचं सभासदत्व घेतलं आणि पुढचे तीन आठवडे रोज रात्री अडीच वाजता जागी होऊ लागले. गुडघा गेला तर? ऑफिसात कुबड्या घेऊन जायची वेळ आली तर? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे लेकीसमोर फजिती झाली तर?

स्पर्धा शनिवारी, एका हायस्कूलच्या जिममध्ये होती. आधी वजन. या देशात दूध गॅलनमध्ये आणि माणूस पौंडात मोजतात, पण ज्युदोत वजन किलोतच. मला उगाच घरच्यासारखं वाटलं. मग नखं तपासली. पुढे टेबलावरची बाई म्हणाली, “अंगावर धातूचं काहीही चालणार नाही.” बांगड्या घरीच ठेवल्या होत्या, चमकी काढली. मंगळसूत्राशी हात थबकला. लग्नानंतर दोन ऑपरेशनं सोडली तर ते कधी काढलं नव्हतं. नवऱ्याने हात पुढे केला, “दे इकडे, खिशात ठेवतो. आणि जा, नाव पुकारतायत.”

मॅटजवळ उभी असताना मला रस्टी कानोकोगी आठवल्या. ब्रुकलीनच्या या बाईंनी १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत जखमी खेळाडूच्या जागी, छाती बांधून, पुरुष म्हणून कुस्ती केली आणि जिंकली. नंतर संयोजकाने विचारलं, “तू बाई आहेस का?” त्यांनी मान डोलावली आणि पदक परत द्यावं लागलं. पुढे याच बाईंनी स्वतःचं घर गहाण टाकून १९८० मध्ये महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरवली. हे वाचलं तेव्हा मला आपले प्राचार्य खर्डेकर आठवले होते. खाशाबांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी त्यांनीही राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. घर गहाण ठेवणारी माणसं भेटली, म्हणून खेळ पुढे गेला.

असो. माझी पहिली कुस्ती. समोर विशीतली कॉलेजकन्यका. पंच म्हणाले, “हाजिमे!” म्हणजे सुरू करा. आणि वर्षभरात शिकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. दोन्ही हात काठीसारखे ताठ, श्वास रोखलेला. तिने माझी बाही ओढली, बाहेरून पाय घातला आणि दुसऱ्या क्षणी मी जिमचं छत बघत होते. ‘अस्मान दाखवणं’ म्हणजे काय ते कळलं. माझ्या अस्मानात ट्यूबलाइट आणि बास्केटबॉलची जाळी होती. इप्पॉन! म्हणजे आपल्याकडची चितपट, खेळ खलास. नंतर व्हिडिओत पाहिलं, १९ सेकंद. पण एक झालं. हात आपोआप चटईवर फटकन बसला होता. कुठेही लागलं नाही. इतके दिवस पडल्याचे पैसे वसूल झाले.

दुसरी कुस्ती अर्ध्या तासाने, माझ्याच वयाच्या एका आईशी. या वेळी ठरवलं होतं, बाकी काही जमो न जमो, श्वास घ्यायचा. मिनिटभर नुसती खडाखडी झाली. मनगटं दगडासारखी जड झाली, पकड सुटायला लागली. मग कुठून कोण जाणे, मी वळले, तिचा हात खांद्यावर घेतला आणि वाकले. ज्युदोत याला ‘सेओइनागे’ म्हणतात. आपल्या धोबीपछाडीचंच भावंड. ती पूर्ण पाठीवर पडली नाही, कुशीवर पडली. पण पंचांचा हात आडवा झाला. वाझाआरी! मला गुण!

त्या आनंदात मी सैल पडले आणि तिने मला खाली दाबून धरलं. पाठ जमिनीला लावून २० सेकंद धरलं की सामना संपतो. मी पाय झाडत होते, कंबर उचलत होते, काही हलत नव्हतं. तेवढ्यात जिमच्या गोंगाटात आवाज आला, “आई, ऊठ! आई, ऊठ ना!” घरी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक. मी जोर लावला, अर्धी कूस वळले, पण घंटा झाली.

दोन लढती, दोन्ही हरले. तरी गळ्यात ब्राँझ पदक पडलं, कारण आमच्या गटात तिघीच होतो! ते पदक मी गुपचूप बॅगेत ढकललं. लेकीने बाहेर काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, “खाशाबांचंपण ब्राँझच होतं ना?” स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि हे! मला हसू आवरेना.

चाळिशीत असं काही करावंसं वाटत असेल त्यांना एवढंच सांगते. आधी डॉक्टरांना विचारा, पडायला नीट शिका, नवशिक्यांच्याच गटात नाव द्या आणि मॅटवर श्वास घ्यायला विसरू नका.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी, आबांना फोन केला. पदकाचं सांगताना लाज वाटत होती.

“किती जणी व्हत्या?”

“तीन.”

“मग रेवडीवरची कुस्ती झाली म्हनायची.”

जत्रेच्या फडात सुरुवातीला बारक्या पोरांच्या कुस्त्या लावतात, बक्षीस मूठभर रेवड्या. मी वरमले. पण आबा पुढे म्हणाले, “रेवडीवर लढल्याबिगर फडात कुनी मोठा झाला न्हाई, पोरी. व्हिडिओ धाड.”

धाडला. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. त्यांनी दुसरी कुस्ती तीनदा बघितली होती.

“धोबीपछाड घालताना उंच ऱ्हायलीस. कंबर त्याच्या खाली गेली पायजे. फोन टेकवून ठेव आनि उभी ऱ्हा. हां, आता वळ. अजून खाली. अजून!”

सॅन होजेच्या आमच्या दिवाणखान्यात, सोफा मागे सारून, मी वळत होते. स्क्रीनवर ७४ वर्षांचे आबा खुर्चीतून अर्धे उठून हातवारे करत होते. त्यांनी मला डाव शिकवण्याची ही पहिलीच वेळ.

पुढची स्पर्धा तीन महिन्यांनी आहे. नाव दिलंय.